इमर्जन्सी रेडिओलॉजिस्ट: अपघात विभागातला न दिसणारा डॉक्टर

पनवेलजवळचे कोन हे गाव रस्त्यांच्या जाळ्यात वसलेले आहे. जुना मुंबई–पुणे महामार्ग गावाजवळून जातो, द्रुतगती मार्गही फार लांब नाही, आणि पळस्पे फाट्यावर गोव्याकडे जाणारा महामार्ग फुटतो. बंदराकडे जाणारे कंटेनर, घाट उतरून आलेले ट्रक आणि कामावर निघालेल्या दुचाकी एकाच रस्त्याने धावतात. या पट्ट्यात अपघात झाला की जखमीला पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात, कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जवळच्या खासगी रुग्णालयात किंवा पुढे मुंबईला नेले जाते. त्यानंतर नातेवाइकांचा बराचसा वेळ सीटी स्कॅनच्या बंद दाराबाहेर जातो.

तिथे बसलेल्यांच्या मनात सहसा तीन प्रश्न असतात. स्कॅन तर पाच-दहा मिनिटांत झाला, मग रिपोर्टला तास का लागतो? काल रात्री ‘काही नाही’ म्हणाले, आज सकाळी फ्रॅक्चर कुठून आले? आम्ही आधी आलो होतो, मग दुसऱ्या पेशंटला आधी आत का घेतले?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या डॉक्टरांच्या कामाशी जोडलेली आहेत, ते डॉक्टर नातेवाइकांना बहुतेक वेळा दिसतच नाहीत. त्यांना इमर्जन्सी रेडिओलॉजिस्ट म्हणतात. त्यांचे काम कसे चालते हे माहीत असेल, तर त्या कठीण तासात तुम्ही रुग्णाला खरी मदत करू शकता.

रेडिओलॉजिस्ट म्हणजे मशीन चालवणारे नव्हेत

तुम्हाला आत नेणारे, टेबलावर झोपवणारे आणि ‘श्वास रोखा’ असे सांगणारे बहुधा टेक्निशियन असतात. चित्रे काढणे हे त्यांचे प्रशिक्षित काम आहे. त्या चित्रांचा अर्थ लावणारे डॉक्टर म्हणजे रेडिओलॉजिस्ट. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय पाहून आजाराचे किंवा इजेचे निदान करणे ही त्यांची विद्याशाखा.

इमर्जन्सी रेडिओलॉजिस्ट याच शाखेतले. फरक एवढाच की त्यांच्यासमोर येणारा प्रत्येक रुग्ण घाईचा असतो: अपघात, पक्षाघात, अचानक उठलेली पोटदुखी, छातीत दुखणे, धाप लागणे. अमेरिकेत या कामासाठी वेगळी संघटना १९८८ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे बहुतेक रुग्णालयांत हे काम सर्वसाधारण रेडिओलॉजिस्टच पाळीपाळीने करतात. केवळ याच कामाला वाहून घेतलेले डॉक्टर मोठ्या केंद्रांतच आढळतात.

आधी कोणती तपासणी, आणि का?

जखमी रुग्ण आला की अपघात विभागातले डॉक्टर आधी श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळतात. त्याच वेळी छातीचा आणि गरजेनुसार कंबरेच्या हाडांचा एक्स-रे, आणि ‘फास्ट’ नावाची सोनोग्राफी होते. या सोनोग्राफीत हृदयाभोवती, यकृताजवळ, प्लीहेजवळ (पाणथरीजवळ) आणि ओटीपोटात रक्त साचले आहे का, एवढेच पाहतात. तिला काही मिनिटे पुरतात आणि ती स्ट्रेचरवरच करता येते. कित्येक ठिकाणी ती अपघात विभागातले डॉक्टर स्वतः करतात.

मग लगेच सीटी का करत नाहीत? कारण सीटीच्या खोलीत रुग्णाजवळ डॉक्टरांचा हात सहज पोहोचत नाही. ज्याचा रक्तदाब सावरत नाही आणि पोटात रक्त दिसते आहे, अशा रुग्णाला थेट शस्त्रक्रियेच्या खोलीत नेणे जास्त सुरक्षित ठरू शकते. ‘सीटी न करताच ऑपरेशनला घेतले’ हा निष्काळजीपणा असेलच असे नाही. अनेकदा तोच योग्य निर्णय असतो.

रुग्ण स्थिर असेल, तर सीटी स्कॅनइतकी माहिती थोड्या वेळात दुसरी कुठलीच तपासणी देत नाही. सीटीने रुग्णाची पहिली तपासणी १९७१ मध्ये लंडनमध्ये झाली आणि हे यंत्र विकसित करणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी कवटीच्या आतला रक्तस्राव डॉक्टरांना थेट दिसत नसे, लक्षणांवरून आणि अवघड तपासण्यांवरून त्याचा अंदाज बांधावा लागे.

सीटीसमोरची रांग मात्र आलेल्या वेळेप्रमाणे लागत नाही. पाय मोडलेला माणूस आधी आला असला, तरी बेशुद्ध होत चाललेल्या माणसाला आधी आत घेतात. कोणाचा एक तास किती मोलाचा आहे, हे अपघात विभाग आणि रेडिओलॉजिस्ट मिळून ठरवतात.

रिपोर्टला वेळ का लागतो?

डोके, मान, छाती, पोट आणि कंबर असा पूर्ण सीटी केला, तर संगणकावर हजाराहून अधिक चित्रे तयार होऊ शकतात. प्रत्येक भाग आडव्या, उभ्या आणि बाजूच्या छेदात पाहावा लागतो. हाडांसाठी, फुप्फुसांसाठी आणि मेंदूसाठी चित्राचा उजेड-अंधार वेगवेगळा लावून तोच भाग पुन्हा पाहावा लागतो.

या कामातला एक धोका रेडिओलॉजिस्टना शिकतानाच सांगितला जातो. एक मोठी इजा सापडली की शोध पूर्ण झाल्यासारखे वाटते आणि दुसरी, लहान इजा नजरेतून सुटते. म्हणून ते ठरलेल्या क्रमाने पाहतात. फाटलेले यकृत दिसल्यावरही बरगड्या, मणके, मूत्रपिंडे आणि आतडी हा क्रम ते सोडत नाहीत.

अर्थात, जिवावर बेतणारी गोष्ट दिसली तर छापील रिपोर्टची वाट पाहिली जात नाही. कवटीत वाढणारा रक्तस्राव, छातीत कोंडलेली हवा, फाटलेली महाधमनी असे काही दिसताच रेडिओलॉजिस्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना थेट फोन करतात. कागद नंतर येतो. त्यामुळे ‘रिपोर्ट आला नाही’ म्हणजे ‘कोणी पाहिलेच नाही’ असे समजू नका.

हे डॉक्टर घडतात कसे?

बारावीनंतर एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष. मग प्रवेशपरीक्षा देऊन रेडिओलॉजीतली एमडी किंवा डीएनबी, तीन वर्षे. म्हणजे किमान साडेआठ वर्षे. त्यानंतर शिक्षक व्हायचे असेल तर सीनियर रेसिडेंट म्हणून काम, आणि काही जण इमर्जन्सी किंवा ट्रॉमा रेडिओलॉजीत वेगळी फेलोशिप करतात. पुढे असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर, प्रोफेसर अशी पायरी असते.

या शिक्षणाचा मोठा भाग रात्रपाळीत होतो. मुंबईतले केईएम किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, कामोठ्याचे एमजीएम, अशा शिकवणाऱ्या रुग्णालयांत निवासी डॉक्टर रात्री एकामागून एक तपासण्या पाहतात. मध्येच फोन येतात, दुसऱ्या वॉर्डातून सोनोग्राफीसाठी बोलावणे येते. अशा वेळी एकाग्रता टिकवणे हेच मोठे कसब असते.

या कामातली आणखी एक अडचण बाहेरून लक्षात येत नाही. सर्जनला आपला रुग्ण बरा होऊन घरी जाताना दिसतो, रेडिओलॉजिस्टना बहुधा दिसत नाही. आपण ‘आतड्याला इजा असावी’ असे लिहिले, ते शस्त्रक्रियेत खरे निघाले का, हे त्यांना मुद्दाम शोधून काढावे लागते. चांगले शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना ही सवय लावतात: सकाळी वॉर्डात जा, सर्जनला विचारा, रात्रीच्या आपल्या रिपोर्टशी ताडून पाहा.

रात्रीचा रिपोर्ट सकाळी का बदलतो?

शिकवणाऱ्या रुग्णालयात रिपोर्ट बऱ्याचदा दोन टप्प्यांत होतो. रात्री निवासी डॉक्टर प्राथमिक रिपोर्ट देतात, त्यावर तातडीचे उपचार सुरू होतात. नंतर वरिष्ठ डॉक्टर तीच चित्रे पुन्हा पाहून अंतिम रिपोर्ट देतात. बहुतेक वेळा दोन्ही जुळतात. कधी कधी बरगडीला बारीक तडा, मनगटातले छोटे फ्रॅक्चर किंवा अपघाताशी संबंध नसलेली एखादी गाठ नंतर लक्षात येते.

नातेवाइकांना हा घोळ वाटतो. प्रत्यक्षात ही दुसरी नजर रुग्णाच्या सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली असते. शिवाय काही इजा पहिल्या काही तासांत खरोखरच दिसत नाहीत. डोक्यातला रक्तस्राव सुरुवातीला लहान असून नंतर वाढू शकतो. पक्षाघातात पहिल्या तासांतला साधा सीटी नॉर्मल दिसू शकतो. म्हणूनच मोठ्या अपघातानंतर रुग्णाची डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपासणी करतात आणि गरज वाटली तर सीटीही पुन्हा करतात.

यातून एक गोष्ट तुमच्या हातात राहते. रात्री घरी सोडले असेल, तर ‘अंतिम रिपोर्ट कधी मिळेल, आणि त्यात काही बदल झाला तर आम्हाला कोण कळवेल?’ हे विचारून निघा. फॉर्मवर चालू असलेला मोबाइल नंबर लिहा. अपघाताच्या धांदलीत जखमीचाच, फुटलेल्या फोनचा नंबर लिहिला जातो आणि सकाळी रुग्णालयाने केलेला फोन कोणालाच लागत नाही.

शिकवणे आणि संशोधन: रुग्णाला त्याचा काय उपयोग?

अशा डॉक्टरांच्या नोकरीचे दोन भाग आणखी असतात, शिकवणे आणि संशोधन. चांगल्या विभागांत ठरावीक दिवशी बैठक होते, तिथे सुटलेल्या किंवा चुकीच्या वाचलेल्या तपासण्या नाव न घेता सर्वांसमोर ठेवतात. का सुटले, चित्रात ते कुठे होते, पुढच्या वेळी कसे पाहायचे, यावर चर्चा होते. एका रुग्णावरून शिकलेली गोष्ट अशी पुढच्या अनेकांच्या उपयोगी पडते.

संशोधनाचे मुंबईतले एक उदाहरण पाहा. क्योर डॉट एआय या मुंबईच्या कंपनीतील संशोधकांनी रेडिओलॉजिस्टांसोबत डोक्याच्या सीटीतला रक्तस्राव आणि फ्रॅक्चर ओळखणारी संगणकप्रणाली तयार केली. तिच्यासाठी भारतातल्या केंद्रांतले तीन लाखांहून अधिक सीटी वापरले गेले. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्रणालीची परीक्षा घेताना तिचे उत्तर तीन अनुभवी रेडिओलॉजिस्टांच्या मताशी ताडले गेले. अशा प्रणाली रांगेतला गंभीर सीटी आधी पुढे आणण्यासाठी उपयोगी पडतात. निदानाची जबाबदारी मात्र डॉक्टरांचीच राहते.

दुसरे उदाहरण बोस्टनचे. तिथल्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील इमर्जन्सी रेडिओलॉजिस्ट डॉ. भारती खुराणा यांनी जोडीदाराकडून होणाऱ्या मारहाणीच्या खुणा एक्स-रे आणि सीटीत कशा ओळखता येतील यावर संशोधन केले आहे. ‘पडले’ असे सांगितले जाते, पण चित्रात वेगवेगळ्या काळातल्या, वार चुकवताना होतात तशा इजा दिसतात. असा संशय आला तर रेडिओलॉजिस्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सावध करू शकतात. तुमच्या किंवा ओळखीतल्या कोणाच्या बाबतीत असे घडत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याची वेळ मागा. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदत क्रमांक आहेत.

डॉक्टर रुग्णालयात नसतील तर?

लहान गावांत सीटी मशीन असते, पण रात्री रेडिओलॉजिस्ट हजर नसतात. तेव्हा चित्रे इंटरनेटवरून दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवतात. याला टेलिरेडिओलॉजी म्हणतात. अमेरिकेत येल विद्यापीठात काम केलेले डॉ. अर्जुन कल्याणपूर यांनी २००२ मध्ये बेंगळुरूत टेलिरेडिओलॉजी सोल्यूशन्स ही संस्था सुरू केली. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो, या फरकाचा उपयोग करून तिथल्या रात्रीच्या तातडीच्या तपासण्या इथे वाचल्या जाऊ लागल्या. आता हीच पद्धत आपल्याकडच्या रुग्णालयांनाही उपयोगी पडते.

दूरवरचे डॉक्टर रुग्णाला पाहू शकत नाहीत. त्यांच्याकडे चित्रे असतात आणि फॉर्मवर लिहिलेल्या दोन ओळी. ‘अपघात’ एवढेच लिहिले तर शोध मोठा होतो. ‘दुचाकीवरून उजव्या कुशीवर पडले, दोन उलट्या, रक्त पातळ करण्याची गोळी चालू’ असे लिहिले तर कुठे जास्त बारकाईने पाहायचे ते कळते. ही माहिती बहुतेक वेळा नातेवाईकच देऊ शकतात.

अपघाताव्यतिरिक्त: पक्षाघात

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गुठळी आणि रक्तस्राव या दोन कारणांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध असतात आणि बाहेरून पाहून फरक कळत नाही. तो सीटीत कळतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. काही निवडक रुग्णांत त्यानंतरही गुठळी नळीवाटे काढता येते.

म्हणून लक्षणे दिसताच १०८ ला फोन करा आणि ‘सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या’ असे सांगा. शेवटचे व्यवस्थित कधी होते, ती वेळ लक्षात ठेवा. ‘सकाळी उठल्यावर दिसले’ यापेक्षा ‘रात्री साडेदहाला झोपताना नीट बोलत होते’ हे सांगणे जास्त उपयोगी आहे.

किरणांची भीती किती बाळगावी?

छातीच्या एका एक्स-रेमध्ये साधारण ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी किरणोत्सर्ग मिळतो. डोक्याच्या सीटीत सुमारे २, पोटाच्या सीटीत साधारण ८ ते १०. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला जगभरच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. गंभीर अपघातात सीटी न करण्याचा धोका किरणांच्या धोक्यापेक्षा खूप मोठा असतो.

याचा अर्थ प्रत्येक टेंगळाला सीटी हवा असा नाही. डोक्याला मार लागल्यावर कोणाला सीटी करायचा, याचे नियम डॉक्टर वापरतात. शुद्ध पूर्ण न येणे, दोन किंवा अधिक उलट्या, वय ६५ किंवा अधिक, वाहनाने पादचाऱ्याला उडवणे, गाडीबाहेर फेकले जाणे, रक्त पातळ करणारी औषधे, अशा गोष्टी त्यात पाहतात. लहान मुलांसाठी नियम वेगळे आहेत. डॉक्टर ‘सीटीची गरज नाही, लक्ष ठेवा’ म्हणाले, तर सीटीचा आग्रह धरू नका. कशावर लक्ष ठेवायचे ते मात्र नीट विचारून घ्या.

नातेवाइकांनी न विचारता सांगाव्यात अशा गोष्टी

* अपघात कसा झाला: वेग, हेल्मेट किंवा सीटबेल्ट होता का, किती उंचीवरून पडले.
* मध्ये शुद्ध हरपली होती का, उलट्या झाल्या का.
* रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या (विशेषतः मेटफॉर्मिन), मूत्रपिंडाचा आजार.
* आधी सीटीसाठी शिरेतून दिलेल्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठले होते का, धाप लागली होती का.
* स्त्री रुग्ण गर्भवती आहे का, किंवा पाळी चुकली आहे का. गरज असेल तर गर्भवतीचाही सीटी करतात, पण डॉक्टरांना आधी माहीत असायला हवे.
* आधीच्या शस्त्रक्रिया, शरीरात बसवलेली रॉड किंवा पेसमेकर.
* आधीचे एक्स-रे, सीटी घरी असतील तर ते कोणाला तरी घेऊन यायला सांगा. जुनी चित्रे शेजारी ठेवली की नवे काय आहे ते लगेच कळते.

गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी १९९४ च्या कायद्यानुसार फॉर्म भरावा लागतो. घाईतही तो मागितला तर तो अडवणुकीचा प्रकार नाही.

रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे असेल, तर रिपोर्टसोबत चित्रांची सीडी किंवा लिंकही मागा. फिल्मवर निवडक चित्रेच असतात. पूर्ण चित्रे मिळाली तर पुढच्या रुग्णालयात तोच सीटी पुन्हा करण्याची वेळ टळू शकते.

घरी सोडल्यानंतर

डोक्याला मार लागलेला माणूस काही काळ अगदी ठीक बोलतो आणि मग बिघडत जातो, असे एका प्रकारच्या रक्तस्रावात घडू शकते. सीटी नॉर्मल असला तरी पहिले २४ तास त्याच्याजवळ कोणीतरी असावे. पुढीलपैकी काहीही दिसले तर परत या:

* वाढत जाणारी डोकेदुखी किंवा वारंवार उलट्या
* जागे करूनही नीट जागा न होणे, असंबद्ध बोलणे
* फिट येणे, हात-पाय लुळा पडणे
* नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव
* वाढती पोटदुखी, पोट ताठर होणे, चक्कर, लघवीत रक्त
* श्वास घेताना वाढणारा त्रास

परत याल तेव्हा पहिला रिपोर्ट आणि सीडी सोबत आणा, आणि पहिल्यापेक्षा नेमके काय बदलले ते सांगा. नव्या चित्रात कुठे पाहायचे हे रेडिओलॉजिस्टना त्यावरूनच कळते.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या रुग्णाबाबतचा निर्णय प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.